विश्रामबागेतली वैमानिक

जरा खुर्ची पुढं ओढ आणि नीट ऐक. तू तिकडं नाशकात, मी इकडं सांगलीत, तरी ओढच. लांबून सांगितलेलं तुझ्या डोक्यात शिरत नाही, हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून मला ठाऊक आहे.

परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, आता वय झालं तुझं. कशाला तिथं एकटी राहतेस?" मी हो हो करून फोन ठेवला. पण दिवसभर ते टोचत राहिलं, घेवड्याच्या शेंगेचा दोरा दातात अडकावा तसं. एवढी शिकलेली पोरगी तू, आणि बोललीस काय, तर वय झालं! हेच वाक्य आमच्या घरमालकिणीसमोर बोलून दाखव. ती तुला पाटावर बसवेल, हातात रिमोट देईल आणि म्हणेल, "तरणी हायस न्हवं? मग उतरव."

काय उतरव, तेच सांगायला बसलेय.

घरमालकिणीला सगळी गल्ली आक्का म्हणते. माहेर-सासर दोन्ही पलूसकडचं, उसातलं. नवरा सैन्यात सुभेदार. नोकरी संपल्यावर त्यांनी इथं विश्रामबागेत घर बांधलं, पण त्या घरात फार दिवस राहणं त्यांच्या नशिबात नव्हतं. मागच्या दोन खोल्या आक्कानं भाड्यानं काढल्या, त्यात मी. कॉलेजच्या पोरांचे डबे करते ते तिथूनच.

मी खोल्या बघायला आले तो मे महिना होता. ऊन असं की चपलेचा तळ चिकटावा. दार उघडंच होतं. आत बघते तर एक बाई टीव्हीसमोर पाटावर मांडी घालून बसलेली, आणि अंगात मिलिटरीचा हिरवा, जाड, लोकरीचा स्वेटर! म्हटलं, हिला हिवताप दिसतोय. बाहेरूनच विचारलं, "खोल्या द्यायच्या आहेत ना?"

मान न वळवता म्हणाली, "बस. खाली आल्यावर बोलते. मागं दोघं लागल्यात."

मी मागं वळून बघितलं. कोणी नव्हतं.

मग टीव्हीकडं लक्ष गेलं तेव्हा उलगडा झाला. जुना डबा टीव्ही, त्याला वायरीनं जोडलेला गेम. कॅसेट घालून खेळायचा तो, तुझ्या लहानपणी तुमच्याकडंही होता, त्यात तू गाड्या पळवायचीस. हिच्या पडद्यावर लढाऊ विमान होतं. आपण आत बसलोय असं दिसायचं. पुढं काच, काचेपलीकडं आभाळ, खाली वेगाचे नि उंचीचे आकडे, आणि एका गोल चकतीत पाठलाग करणारे दोन ठिपके. विमान डावीकडं कललं की बाई डावीकडं कलायची, उजवीकडं कललं की उजवीकडं. एका ठिपक्याला तिनं पाडलं, दुसऱ्याला असा गुंगारा दिला की मीच खांबाला धरून बसले. शेवटी खाली समुद्र आला, समुद्रात काडेपेटीएवढी बोट, आणि त्या बोटीवर बाईनं विमान टेकवलं.

मला वाटलं, आता भाड्याचं बोलेल. कुठलं! उठली, स्वयंपाकघरातून भाकरीचा तुकडा आणला, टीव्हीवरून ओवाळला, बाहेर जाऊन कुंपणापलीकडं टाकला, आणि पदराला हात पुसत आत येऊन विचारलं, "माणसं किती तुमी?"

तिच्या गावात घरटी एक तरी माणूस सैन्यात. सुट्टीवर आलेल्या माणसाला उंबऱ्यावर थांबवायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच घरात घ्यायचं. सासूनं सुभेदारांसाठी केलं, सासू गेल्यावर हिनं केलं. आता सुभेदार नव्हते, पण विमान तर रोज परत येत होतं. मग त्याला कोरडं कसं घ्यायचं?

"आणि स्वेटर कशाला, आक्का?" ओळख वाढल्यावर मी विचारलं.

"वर गार असतंय."

एवढंच. 

तो गेम सुभेदारांनीच एकदा सुट्टीवर येताना पोरासाठी आणलेला. पोरगा दहावीत गेला, मग इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, गेम कपाटात गेला. एकदा कपाट आवरताना आक्कानं चालतोय का बघावं म्हणून लावला. ती म्हणते, "खाली ठिवायचा म्हणून हातात घेतला, तर मीच वर गेले." कोणी फार खोदून विचारलं की, तुमच्यात विमानदलात कोण होतं, कोणाच्या आठवणीनं खेळता, तर तिला राग यायचा. "कोण बी न्हवतं. सगळी पायदळात. चालून चालून टाचा झिजल्या त्यांच्या. एकानं तरी उडावं की!"

पण तिची खेळायची रीत गेमवाल्यांना मान्य नव्हती बरं का. गेमचं म्हणणं असायचं की अमुक इतकी विमानं पाड, तमुक ठिकाणी बॉम्ब टाक, तर तू जिंकलीस. आक्काला पटलं तर ती ते करायची. तेल कमी वाटलं, मागं जास्त लोक लागले, तर सरळ माघारी. मग पडद्यावर काम फसलं म्हणून अक्षरं यायची आणि आक्का टीव्हीशी भांडायची. "फसलं कसलं रं? पोरगं घरी आलं न्हवं? तू खुर्चीत बसून हुकूम सोडतोयस, तुला काय जातंय?"

दुसरं, गेम एका वेळी तीन विमानं द्यायचा. एक पडलं की दुसरं हजर. आक्का पहिलं पडलं की बटण बंद करायची, त्या दिवसाचा खेळ संपला. माझ्या डब्याच्या पोरांतला एकजण हसत म्हणाला, "आक्का, अजून दोन आहेत की." त्याला म्हणाली, "तुझ्या आईला बी सांगू का, अजून दोन हायती म्हणून? गेला तो गेला." त्यानं मग मोबाईलवरचा नवा गेम आणून दाखवला. चित्रं अगदी खऱ्यासारखी. आक्कानं चष्मा लावून बघितला नि परत दिला. "ह्यात मेलेलं लगीच उठतंय. मग जपायचं कशाला?"

तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. उडवायला काय, कुणीबी उडवतंय, उतरवायला पाहिजे. हे ती कुठंही लावायची. गल्लीत कोणी थाटात लग्न केलं, कोणी निवडणुकीला उभं राहिलं, कोणी कर्ज काढून मोठी गाडी आणली, की आक्का दारात उभी राहून तेवढंच म्हणणार. माझी पुरणपोळी तव्यावर टम्म फुगली होती तेव्हासुद्धा म्हणाली, आणि पोळी उलथताना फाटली. तिच्या जिभेवर काळा तीळ असावा.

एकदा आक्काकडं चैत्रातलं हळदीकुंकू होतं, सुभेदार गेले म्हणून तिनं ते सोडलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या बायका आलेल्या, कॉलेजच्या प्राचार्यांच्या बाईसुद्धा. त्या बाईंच्या पदराची घडीदेखील मोडत नाही. डाळ-पन्हं झालं, आणि आक्कानं गेम लावला. "बसा एकेक. वाण म्हणून एकेक फेरी."

प्राचार्यांच्या बाई म्हणाल्या, "अहो, हा काय पोरकटपणा या वयात?"

"तुमी या वयात सिरीयल बघताय," आक्का म्हणाली. "त्यात तर विमान बी न्हाई."

हशा पिकला. मग हौसेहौसेनं एकेक जण बसली. कोणी उडता उडताच पडली, कोणी आपलीच बोट फोडली. आक्का प्रत्येकीच्या मागं उभी राहून ओरडत होती, "नाक वर धर गं! स्वयंपाकाला उशीर झाल्यागत पळवू नगो!" शेवटी प्राचार्यांच्या बाईंनी घड्याळ काढून ठेवलं, पदर खोचला आणि बसल्या. पडल्याच. पण पुढल्या वर्षी हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी कोण आलं, ते मी सांगायला नको.

आता मुद्द्याचं ऐक. हे होऊन फार दिवस झाले नाहीत.

आक्का मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठ्याची थरथर काही गेली नाही. कप धरला की चहा बशीत. पुण्याहून मुलगा आणि सून गाडी घेऊन आले, ते ठरवूनच. आईला न्यायचं, आणि घराचं मग बघू. वाईट नाहीत गं दोघं. सून तर आल्या आल्या हात बघून रडली. पण त्यांनी विचारायला हवं होतं, ते सांगायला आले होते.

मुलगा म्हणाला, "आई, बास झालं आता. सामान भर. तुला कप धरवत नाही."

"म्हणून बशीतनं पिते. तुझं काय सांडलं?"

"आई, अचानक काही झालं तर आम्हाला कळायचं कधी?" सून म्हणाली.

"कळंल की. ही डबेवाली हाय मागं. बोंब मारंल."

बोलणं वाढत गेलं. मुलगा चिडला, आणि रागात माणूस बोलू नये तेच बोलतो. "दिवसभर ते विमान घेऊन बसतेस. एवढी मोठी वैमानिक ना तू? मग उतरव आत्ता, माझ्यासमोर. उतरलं तर राहा इथं, मी परत विषय काढणार नाही. नाही उतरलं तर गाडीत बसायचं."

आक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. "शब्द?"

"शब्द."

मी मध्ये पडले. म्हटलं, "आक्का, आवं असल्या पैजा लावू नका. हात तरी बरा होऊ द्या."

"तू गप. माझ्या घरात लागलीया पैज."

स्वेटर आणला. दुखऱ्या मनगटावरून बाही जाईना, तेव्हा सुनेनंच हळूहळू ओढून घातली. कॅसेटीवर फुंकर मारली, पाट मांडला, आणि आक्का वर गेली.

पहिल्यांदा मुलगा हाताची घडी घालून दाराशी उभा होता. मग सोफ्याच्या हातावर टेकला. मग कधी खाली येऊन आईच्या मांडीला मांडी लावून बसला, त्याला कळलंही नाही. आणि त्याची पुण्याची भाषा गळून पडली. "आई, मागं हाय! मागं!"

"बघितलाय रं."

"डावीकडनं घे की, डावीकडनं!"

"तू शिकव आता मला. ह्याच जागी पाचवीत रडला होतास."

तो हसला. सूनही हसली. मीही जरा सैल झाले. आक्कानं वरच्या वर मोठ्या विमानातून तेल भरून घेतलं, दोघांना चुकवलं, आणि खाली समुद्र आला. आक्कानं खरा समुद्र कधी बघितलेला नाही. तिला भरून वाहणारं पाणी म्हणजे कृष्णेचं. त्या पाण्यात ती काडेपेटी दिसायला लागली आणि आमचं हसणं थांबलं.

उतरवताना एकसारखं हलकं हलकं दाबायचं असतं, आणि अंगठा तर उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा थडथडत होता. नाक वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. मुलगा ओरडला, "उडी टाक आई! छत्री घेऊन उडी टाक, ते बटण दाब!" तशी सोय होती गेममध्ये, माणूस वाचायचा, विमान जायचं. पण पैज विमान उतरवायची होती. आक्कानं बटणाकडं बोट नेलं नाही. विमान बोटीच्या काठाला धडकलं आणि पाण्यात गेलं.

पडद्यावर लगेच दुसरं विमान उभं राहिलं, चकाचक.

मुलगा हळूच म्हणाला, "असू दे आई. अजून दोन आहेत. घे परत."

आक्कानं हात लांब केला आणि टीव्ही बंद केला. मग स्वेटर काढायला लागली. एक हात अडकला तो सुनेनं सोडवला.

"गाडी काढ."

"आई, मी रागात बोललो गं."

"मी रागात खेळले न्हाई. शब्द दिलाय, येते. पण एक ध्यानात ठिव." उभी राहिली, पदर सारखा केला. "मी हरून येतीया. म्हातारी झाले म्हणून येत न्हाई. ह्या दोन्हीत लय अंतर हाय. म्हाताऱ्याला परत फिरायला वाट नसतीया. हरलेल्याला असतीया. जत्रंत पडलेला पैलवान पुढच्या जत्रंला परत कुस्ती मागतोय, त्याला कोण न्हाई म्हणतंय का? मी बी मागणार. जिंकले की माझी मी घरी."

मुलानं मान हलवली. त्या वेळी त्यानं कशालाही हलवली असती म्हण.

टीव्ही मांडीवर घेऊनच ती गाडीत बसली. सून म्हणाली, घरी मोठा टीव्ही आहे, हा कशाला? "तुमच्या पातळ टीव्हीला ह्या वायरीची भोकं न्हाईत," आक्का म्हणाली. "मी बघून ठिवलंय." आणि मला किल्ली दिली. "तुळशीला पाणी घाल. रडायला काय झालं? लढाईवर चाललेय व्हय?"

मी रडले. का नाही रडणार? गल्ली म्हणाली, गेली आता ती. एक दलाल दोनदा येऊन घराचा फोटो काढून गेला, दुसऱ्यांदा मी त्याच्यावर डब्याचं खरकटं पाणी ओतलं, म्हणजे चुकून ओतलं असं म्हणू. प्राचार्यांच्या बाई म्हणाल्या, "शेवटी वयापुढं कुणाचं चालतं?" मी म्हटलं, "वयानं नाही नेलं हो त्यांना. पैजेनं नेलंय." पण खरं सांगू, मलाही तेवढी खात्री नव्हती. रात्री भाजी चिरून ठेवताना पुढच्या खोलीतून "मागं लागल्यात" ऐकू यायचं नाही, तेव्हा सुरी थांबायची.

पुण्यात काय झालं ते मला नंतर दोघांनीही सांगितलं, आईनंही आणि मुलानंही, आणि दोघांचं जुळतंय म्हणून खरं मानते.

आक्कानं तिथं मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी, पाट मांडला. रोज कणीक तिनं मळायची, त्यानं हात सुधारेल म्हणून. हात सुधारला, अंगठा नाही. मग तिनं अंगठ्याचा नादच सोडला. रिमोट मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवायचा आणि पहिल्या बोटानं दाबायचं, हार्मोनियमसारखं. "अंगठा ऐकंना तर बोटाला सांगायचं," म्हणाली. "घरात एक रुसला म्हणून चूल बंद ठिवतो का आपण?" जन्माची सवय मोडून नवीन हात बसवायचा होता. दिवसभर सराव करायची, पण पैजेचं विमान मुलगा ऑफिसातून आल्यावरच. साक्षीदार पाहिजे. रोज एक. पडलं की बंद.

तर तो पोरगा, ज्याला आईला आठवड्यातून एकदा फोन करायला सवड नव्हती, तो रोज संध्याकाळी बूट काढून त्या गॅलरीत, धुण्याच्या बादलीवर बसायला लागला. सून चहा तिथंच आणायची. पावसाळा तसा गेला. विमानं पडत राहिली, कधी बोटीच्या अलीकडं, कधी पलीकडं.

आणि दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी ते टेकलं. जरा उसळलं, घसरलं, आणि काठाशी येऊन थांबलं.

मुलगा असा ओरडला की खालच्या वॉचमननं फोन करून विचारलं, काय झालं? नाचला म्हणे. आईला पाटासकट उचलायला निघाला. आणि मग एकदम परत बादलीवर बसला. कारण त्याच्या लक्षात आलं, आता आई जाणार.

"आई, परत एकदा दाखव की," म्हणाला.

"उतरलं की उतरलं."

"आणि मी सोडलंच नाही तुला तर?"

आक्कानं रिमोटची वायर गुंडाळली. "मी हरले तवा गाडीत बसले का न्हाई?"

शब्द तिनं आधी पाळून दाखवला होता. त्यालाही पाळावा लागला.

मग एका दुपारी इकडं मी डबे भरत होते. फाटकाशी गाडी थांबली, मुलगा टीव्ही पोटाशी धरून उतरला, मागून सून, आणि मग आक्का. मी पळत गेले. "आक्का, आवं सोडलं पोरानं?"

"सोडतोय कशाला? जिंकून आले."

मुलगा टीव्ही जागेवर ठेवून, वायरी स्वतः लावून मागं माझ्याकडं आला. हळूच म्हणाला, "मावशी, जरा लक्ष ठेवा आईकडं." भिंतीपलीकडून आवाज आला, "तिला डबे हायती! लक्ष ठिवायचं तर तू येत जा!"

तो येतो. महिन्यातल्या एका शनिवारी येतो, सुनेला घेऊन. पैज हरल्यावर कुस्ती मागायचा हक्क आता त्याचा आहे म्हणतो. आईला परत न्यायचं असेल तर आधी त्यानं विमान उतरवायचं, असं ठरलंय. अजून उतरलेलं नाही. हात त्याचा अगदी स्थिर आहे बरं का, जराही थरथरत नाही. सून परवा माझ्या कानात म्हणाली, "मावशी, बोट जवळ आली की हे मुद्दामच जोरात दाबतात असं मला वाटतंय." मी म्हटलं, तू आक्काला सांगू नकोस, तिला अपमान वाटेल.

तर वय झालं, एकटी राहतेस, असलं मला परत सांगू नकोस. माझ्या हातचे डबे अजून वेळेवर जातात आणि माझी किल्ली माझ्या कमरेला आहे. एवढी काळजी वाटते ना, मग फोनवर वाटून घेऊ नकोस, ये. सणाची वाट बघू नको, या नाही तर पुढच्या आठवड्यात ये. माझ्याकडं यायची वाट आक्काच्या दारातूनच आहे. बेल वाजवलीस आणि कोणी उघडलं नाही तर घाबरून शेजाऱ्यांना गोळा करू नको. ती वर असेल. पायरीवर बस, पाणी पी, खाली आली की उघडेल. आणि येताना तिच्यासाठी द्राक्षं आण, तुमची कशी असतात ते तिला बघायचंय. आमच्याकडच्या द्राक्षांपुढं टिकणार नाहीत म्हणते. ये आणि भांड तिच्याशी. वाट बघतेय.